वीस टक्क्यांचा हात

म्हापशाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी जखमींच्या बाजूने दावे चालवते. त्यांपैकी डिचोली तालुक्यातील एका मूर्तिकाराची साक्ष झाली तो दिवस माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे.

राष्ट्रीय महामार्ग 66 वर धारगळजवळ समोरून येणाऱ्या भरधाव मोटारीने आपली मार्गिका सोडून त्यांच्या शेजाऱ्याच्या गाडीला धडक दिली. चालकाच्या बाजूला बसलेल्या या गृहस्थांनी उजवा हात पुढे टेकून स्वतःला सावरण्याचा प्रयत्न केला आणि सगळा भार त्या मनगटावर आला. 108 च्या रुग्णवाहिकेने त्यांना रुग्णालयात नेले, पुढे शस्त्रक्रिया करून हाडावर धातूची पट्टी बसवली. दावा दाखल करण्यास अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली आहे, आणि घरचे सारे उपचारांत गुंतल्यामुळे ती संपत आली असतानाच ते माझ्याकडे पोहोचले.

धडक देणाऱ्या चालकाची चूक पंचनाम्यावरून उघड होती, त्यामुळे विमा कंपनीने तेथे फारसा वाद घातला नाही. वाद होता टक्क्यांचा. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात उजव्या हाताचे कायमचे अपंगत्व 40 टक्के आणि संपूर्ण शरीराच्या हिशेबाने 20 टक्के लिहिले होते, म्हणून कमाईचे नुकसानही 20 टक्केच धरावे, असे कंपनीचे म्हणणे होते. वय 42, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला गुणक 14. महिना 20,000 रुपये उत्पन्न धरून, स्वयंरोजगार करणाऱ्याच्या भावी वाढीचे 25 टक्के त्यात मिळवले, तर वर्षाचे 3 लाख आणि एकूण 42 लाख होतात. त्यांचे 20 टक्के म्हणजे 8 लाख 40 हजार. साठ टक्के धरले तर तीच रक्कम 25 लाख 20 हजारांवर जाते. एका घराचे पुढचे आयुष्य या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरावर अवलंबून होते.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून आम्ही चित्रशाळेची, म्हणजे त्यांच्या मूर्ती घडवण्याच्या जागेची, वही हजर केली होती. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी मूर्तीसाठी कोणत्या घराचा पाट आला, मूर्ती किती उंचीची हवी, आगाऊ रक्कम किती मिळाली, हे तिच्यात वर्षानुवर्षे लिहिलेले होते. मातीच्या मूर्तींसाठी सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचे कागदही जोडले होते. आयकर विवरणपत्र नाही म्हणून कारागिराला किमान वेतनावर आणून बसवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. ज्याची वही इतकी नेटकी आहे, त्याचा शब्द हिशेबात धरलाच पाहिजे.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी त्यांना सही करायला सांगितली. त्यांनी ती केली. पाण्याचा पेला उचलायला सांगितला, तोही त्यांनी उचलला. "म्हणजे हात चालतो," असे वकील म्हणाले, आणि साक्षीदाराने प्रामाणिकपणे "होय" म्हटले. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

फेरतपासणीत मी इतकेच विचारले, की मूर्तीच्या कामात आता नेमके काय होत नाही. ते थोडा वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, माती मळता येते, पण ती किती ओली आहे ते या तीन बोटांना कळत नाही. आणि डोळे आखायला घेतले की कुंचला अंगठ्यातून फिरतो. हात हलतो, पण हातात काय आहे ते मला बघून समजून घ्यावे लागते."

त्यानंतर डॉक्टरांची साक्ष झाली. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची संवेदना सांभाळणारा मज्जातंतू मनगटातून जातो, तो दुखावला आहे आणि तपासणीच्या अहवालात ते स्पष्ट दिसते, असे त्यांनी सांगितले. पहिल्या रात्रीच्या नोंदीत केवळ हाड मोडल्याचा उल्लेख असल्यामुळे ही इजा नंतरची असावी, असे कंपनीने सुचवले. त्यावर, हाड सरकलेल्या मनगटात तंतूवर दाब येणे नेहमीचे असून त्याचा विस्तार सूज उतरल्यावरच नीट समजतो, हे त्यांनी शांतपणे मांडले.

युक्तिवादात मी सर्वोच्च न्यायालयाच्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालावर भर दिला. शरीराच्या अपंगत्वाचे टक्के आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात स्वच्छ सांगितले आहे: डावा हात गमावलेल्या सुताराचे किंवा चालकाचे नुकसान जवळजवळ पूर्ण असू शकते, तर सरकारी कारकुनाची नोकरी तशीच राहू शकते.

न्यायाधिकरणाने कमाईतील घट 60 टक्के धरली. उपचारांचा खर्च, वेदनांची भरपाई आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे मिळाले. अपिलाची 90 दिवसांची मुदत कंपनीने जाऊ दिली आणि रक्कम जमा केली; तिचा मोठा भाग आदेशानुसार मुदत ठेवीत आहे. त्या ठेवीचे व्याज चवथीच्या आधी हातात येईल का, एवढेच त्यांनी मला विचारले, कारण डोळे आखण्यासाठी माशेलहून एक कारागीर मजुरीवर बोलवायचा होता.