नानकटाईचे चार घाणे

आमच्या लहानपणी नानकटाई घरी होत नसे, करून आणावी लागे. मे महिन्याची सुट्टी लागली की आई मैदा, साखर, रवा, तूप असं सगळं डब्यांत भरून द्यायची आणि आम्ही दोघं भाऊ सायकलला पिशव्या अडकवून पेठेतल्या बेकरीत जायचो. तिथं नंबर लागायचा. बेकरीवाले मामा आपल्यासमोरच पीठ कालवायचे, काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायचे आणि लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रे भट्टीत सरकवायचे. मजुरी किलोवर. येताना गरम डबा धरून कॅरिअरवर बसायचं काम माझं, कारण मी धाकटा. मांडीला चटके बसायचे, पण झाकण उघडलं तरी कुणी बघत नसे.

ती बेकरी आता नाही. यंदा मेमध्ये आईला एकदम आठवण झाली. मी म्हटलं, आणतो की विकतच्या. "नको, त्या घशाला चिकटतात." घरात ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन होता, तोही चार वर्षं फक्त टोस्ट भाजून कंटाळलेला. म्हटलं, करू.

पहिला घाणा. उन्हाळ्यात बरणीतलं तूप पाण्यासारखं पातळ झालेलं. मला वाटलं, बरंच झालं, पटकन मिसळेल. बारा गोळे मांडले. दहा मिनिटांनी काचेतून डोकावलो तर बाराच्या बारा एकमेकांच्या गळ्यात पडून एक मोठं घावन झालेलं. सुरीनं वड्या पाडून खाल्ल्या. चव वाईट नव्हती, पण त्याला नानकटाई म्हणवेना.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं की फुगायला हवं, म्हणून चमचाभर खायचा सोडा घातला. फुगल्या. रंगही छान खरपूस आला. तोंडात टाकली आणि अंगाचा साबण आठवला. सोड्याला जोडीला दह्यासारखं काही आंबट नसेल तर त्याची साबणासारखी चव मागे उरते आणि तो रंगही जास्त गडद करतो, हे नंतर कळलं. आता मी अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर घालतो, सोडा फक्त चिमटीभर.

तोवर आई खुर्चीत बसून नुसती बघत होती. तिसऱ्या वेळी तिला राहवलं नाही. "अरे, सारखं मोबाइलमध्ये काय बघतोस? तूप बघ तूप. फेसलंयस का ते?"

तूप फ्रिजमध्ये ठेवून थिजवलं, मग परातीत घेऊन तळहातानं फेसायला लागलो. आधी कणीदार, पिवळं. पाच मिनिटांनी हाताखाली कणी लागेनाशी झाली. मग त्यात पिठीसाखर, आणि आणखी दहा मिनिटं. हळूहळू पिवळेपणा गेला आणि परातीत पांढरं, हलकं, लोण्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. मनगट भरून आलं होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, थेंब पाण्यात टाकून बघ, तरंगला की झालं. टाकला, तरंगला, मी खूश. रात्री झोपताना लक्षात आलं की तूप न फेसताही पाण्यावर तरंगतंच. तेव्हा रंग बघा, पाणी राहू द्या.

मापाचाही घोळ होता. आमच्याकडच्या दोन वाट्या एकसारख्या नाहीत आणि मैदा दाबून भरला की वाटीत केवढा तरी जास्त बसतो. शेवटी छोटा वजनकाटा आणला. आता माप असं: तूप ११५ ग्रॅम, पिठीसाखर १००, मैदा १५०, बेसन ५०, बारीक रवा एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. मैदा, बेसन, बेकिंग पावडर आणि सोडा एकत्र चाळून फेसलेल्या तुपात मिसळायचं. मळायचं मात्र नाही, गोळा होण्यापुरतं हलक्या हातानं जमवायचं. मळलं की खुसखुशीतपणा गेलाच. साधारण वीस होतात. गोळे पत्र्यासकट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले की पसरत नाहीत.

इतकं करूनही तिसरा घाणा बिघडला, तो माझ्या उतावळेपणानं. १७० अंशावर अठरा मिनिटं झाली, बोट लावलं तर मऊ. म्हटलं कच्च्या आहेत, अजून आठ मिनिटं ठेवल्या. गार झाल्यावर दगड. आईनं एक चहात बुडवली, बराच वेळ धरून ठेवली आणि म्हणाली, "विरघळेल संध्याकाळपर्यंत."

नानकटाई गरम असताना मऊच लागते, पत्र्यावर गार होता होता ती आवळते. वरून फिकट, भेगा पडलेल्या आणि बुडाला किंचित सोनेरी दिसली की काढायची, मग पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. त्या पंधरा मिनिटांत मी हात बांधून ओट्याशी उभा असतो.

चौथा घाणा जमला. मावशीला फोनवर सांगितलं, तर तिच्याकडे ओटीजी नाही. तिनं जाड कढईत मीठ पसरून त्यावर रिंगण ठेवलं, दहा मिनिटं झाकून तापवलं, मग ताटलीत गोळे ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटं. तिच्या बुडाला जरा जास्त लागल्या, बाकी छान. ते मीठ बरणीत भरून पुढच्या वेळेला ठेवायचं, भाजीत घालायचं नाही.

आईनं माझी चौथ्या घाण्यातली खाल्ली, दुसरी घेतली. "चांगली झालीय." थोड्या वेळानं, "पण तशी नाही."

"तशी म्हणजे?"

"बेकरीतल्यासारखी."

मी म्हटलं, साजूक तूप घातलंय, अजून काय हवं? ती हसायला लागली. "साजूक? पाच-पाच किलोच्या नानकटाईला साजूक तूप कुठलं परवडायला! डालडा द्यायचे मी तुमच्याबरोबर."

इतकी वर्षं मी ज्या डब्याला तुपाचा डबा म्हणत होतो, तो डालड्याचा होता. मग पसरायच्या कशाला? उन्हाळ्यातही घट्ट राहतो तो.

"थोडा घालून बघ की पुढच्या वेळी," आई म्हणाली. छोटी पुडी आणून ठेवली आहे. अजून फोडलेली नाही.