हॅम्बुर्गच्या त्या रात्री

रामबागेतल्या घरी दादाकडे बीटल्स या इंग्लिश बँडची कॅसेट होती, टेप सैल झाली की तो पेन्सिल घालून फिरवायचा, तेव्हापासून ही माणसं मला घरचीच वाटतात. पण खरं सांगू, त्यांच्या प्रसिद्धीपेक्षा मला त्यांचे जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे दिवस जास्त भारी वाटतात. ऑगस्ट १९६०, लिव्हरपूलची पाच पोरं, ड्रमवर पीट बेस्ट, नंतरचा ड्रमर रिंगो तर १९६२ मध्ये आला, झोपायला थेटरच्या पडद्यामागची अंधारी खोली, शेजारीच संडास, आणि रोज साडेचार तास वाजवायचं, वीकेंडला सहा! एवढी गाणी आणायची कुठून, मग एकच गाणं ताणत राहायचं. हात तिथेच तयार झाले त्यांचे. गिटारवाला जॉर्ज हॅरिसन फक्त १७ वर्षांचा, वय कमी म्हणून नोव्हेंबरात परत पाठवलं त्याला. काल इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री बाराला भुट्ट्याचा कीस खाताना तोच पोरगा आठवत होता, गिटार घेऊन एकटा घरी निघालेला.