माल्टाला जाल तर आठ सप्टेंबर गाठा

माल्टाला जातोय म्हटल्यावर ज्याने त्याने एकच सल्ला दिला: कोमिनो बेटाचं निळं पाणी बघा, बोटीची सहल करा. पाणी खरोखर निळं आहे. पण सोबत आई होती. वय ६८, गुडघे दुखरे, पोहण्याचा काही संबंध नाही. मग मी तारखा समुद्राकडे बघून न ठरवता तिथल्या फेस्ताकडे बघून ठरवल्या, आणि आता जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते.

फेस्ता म्हणजे गावच्या चर्चच्या संताचा उत्सव, आपल्याकडची गावजत्राच. माल्टा आणि शेजारचं गोझो बेट मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. तेवढ्यात लोक पाच लाखांच्या वर, आणि उन्हाळाभर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात फेस्ता. २०२३ साली युनेस्कोने या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. १५ ऑगस्टला सांता मारियाचा मोठा मान असतो, मोस्तापासून गोझोच्या व्हिक्टोरियापर्यंत. पण तेव्हा ऊन भाजून काढतं आणि राहायच्या जागाही महाग होतात. आम्ही ८ सप्टेंबर धरला. ऊन थोडं उतरलेलं, समुद्र कोमट, आणि त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी. १५६५ साली तुर्की आरमाराने घातलेला चार महिन्यांचा वेढा त्याच सुमारास उठला, त्याची ही आठवण.

राहायला आम्ही सेंग्लिया निवडलं, कारण ८ सप्टेंबरलाच तिथला फेस्ता असतो. तिथले लोक त्याला लिझ्ला म्हणतात. राजधानी व्हालेट्टाच्या समोर, बंदराच्या पलीकडे तीन जुनी तटबंदीची गावं आहेत: बिर्गू, बोर्मला आणि हे. वेढ्यात बिर्गू आणि सेंग्लियाच्या मधल्या खाडीच्या तोंडाशी साखळदंड बांधला होता. आता त्याच खाडीत लोकांच्या नौका नांगरलेल्या असतात. गावाच्या टोकाला गार्द्योला नावाची दगडी टेहळणीची चौकी आहे. तिच्या अंगावर डोळा आणि कान कोरलेला: बघत राहा, ऐकत राहा. वसईच्या किल्ल्यात लहानपण गेलेली माझी आई तिथे तटाला टेकून बराच वेळ उभी होती. समोर व्हालेट्टाचा मधाच्या रंगाचा तट. बाराच्या ठोक्याला समोरच्या बराक्का बागेखालून तोफ उडते. ती ऐकायला पर्यटक व्हालेट्टात गर्दी करतात, पण धूर आणि आवाज दोन्ही सेंग्लियातून जास्त छान कळतात.

एक गोष्ट आधीच सांगते. सेंग्लियाचे रस्ते म्हणजे चढउतार आणि पायऱ्या. घर घेताना ‘समुद्र दिसतो का’ हे नंतर विचारा, आधी ‘बसथांब्यापासून किती पायऱ्या’ हे विचारा. आम्हाला ३४ होत्या. मी मोजल्या, कारण आईला दिवसातून दोनदा चढायच्या होत्या. जिना असलेल्या घरातला वरचा मजला टाळा, तिथले जिने अरुंद आणि गोल असतात.

सात तारखेपासून गाव बदलायला लागलं. लाल दमास्क कापडाचे पडदे आणि झेंडे रस्त्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लागले, लाकडी चौथऱ्यांवर संतांचे पुतळे उभे राहिले, चर्चच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या माळा. तिथल्या घरांना बाहेर काढलेले बंद लाकडी सज्जे असतात, त्यांना माल्टीत ‘गल्लरिया’ म्हणतात. आईने लगेच पकडलं: “ही तर आपली गॅलरी!” भाषेचा असा आनंद पूर्ण आठवडा मिळत राहिला. माल्टी ही अरबीशी नातं सांगणारी भाषा, पण लिहायची रोमन लिपीत. जगाला ‘दिन्या’, पुस्तकाला ‘क्तीब’, बातमीला ‘अहबार’. दुनिया, किताब आणि खबर बोलणाऱ्या मराठी माणसाला ते परकं वाटत नाही.

आठ तारखेला दुपारी बंदरात होड्यांच्या शर्यती झाल्या. बंदराभोवतीच्या गावांचे क्लब वल्ही घेऊन उतरतात, आणि काही होड्यांत वल्हवणारे उभे राहून, तोंड पुढे करून वल्हवतात. सेंग्लियाची होडी दिसली की आमच्या शेजारच्या भिंतीवर बसलेल्या आजोबांच्या अंगात जणू वारं शिरायचं. सावली फक्त तटाखाली मिळते. टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन तासभर आधी जाऊन बसा.

संध्याकाळी मूर्ती निघाली. इल-बम्बीना, म्हणजे मेरी. ही लाकडी मूर्ती मुळात एका जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर होती आणि समुद्रातून इथे आली, असं गावकरी सांगतात. बाहेर काढणारे पुरुष पांढऱ्या झग्यांत, खांद्यावर दांडे, एकाच लयीत पावलं. थकले की दुबेळक्या काठ्यांवर दांडे टेकवतात, मूर्ती हवेत थांबते, बँड वाजतो, सज्ज्यांवरून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडतो. पालखी खांद्यावरून खांद्यावर जाताना आपण गप्प होतो तशी ती गल्ली गप्प झाली आणि पुढच्याच क्षणाला टाळ्यांनी भरली. आईने हात जोडले. शेजारच्या बाईंनी तिला पुढे उभं केलं, “मूर्ती इथून दिसेल,” म्हणाल्या. चर्चपासून थोड्या दूरच्या वळणावर उभे राहा. तिथे मूर्ती वळवताना वेळ लागतो, आणि रेटारेटी कमी असते.

फटाक्यांबद्दल मात्र तयारीने या. माल्टात ते सकाळी आठलाही वाजतात आणि आवाज तोफेसारखा येतो. लहान मूल, हृदयाचा त्रास असलेलं कोणी सोबत असेल, तर फेस्ताच्या दिवसांत गावातच राहू नका. शेजारच्या गावी राहून संध्याकाळी या. आम्ही कापसाचे बोळे वापरले, पुरले नाहीत. कानाचे प्लग घरूनच न्या.

आता व्हालेट्टा. सेंग्लियाहून ‘दायसा’ नावाच्या छोट्या लाकडी होडीने साधारण दोन युरोत पलीकडे जाता येतं, आणि तिथून बराक्का लिफ्ट वर घेऊन जाते. आईसारख्यांसाठी हीच वाट घ्या, बसपेक्षा सुखाची. वेढ्यानंतर १५६६ मध्ये हे शहर आखून बसवलं, रस्ते सरळ चौकटीत, त्यामुळे हरवायची भीती नाही. पण काही रस्ते पायऱ्यांचे आहेत. सेंट जॉन को-कॅथेड्रल हे चर्च बाहेरून साधं, किल्ल्यासारखं. आत पाऊल टाकलं की सोन्याची नक्षी आणि जमिनीवर तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सरदारांच्या जवळजवळ ४०० संगमरवरी थडग्यांच्या फरशा. इटालियन चित्रकार कारावाज्जोचं १६०८ सालचं संत योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र तिथे आहे. सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपलं नाव लिहिलंय, आणि त्याने स्वाक्षरी केलेलं हे एकच चित्र. त्याच्यासमोर किमान अर्धा तास ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. टोकदार टाचेच्या चपला चालत नाहीत. रविवारी पर्यटकांना बंद.

हाल साफ्लिएनीची भूमिगत मंदिर-स्मशानभूमी बघायची असेल तर विमानाच्या तिकिटाआधी तिचं तिकीट काढा. पाच हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेली ही जागा १९०२ मध्ये घरांचं काम करताना सापडली, आणि हवा बिघडू नये म्हणून तासाला दहाच माणसं, दिवसाला ऐंशी. आम्ही तीन महिने आधी काढलं. आत फोटो घेता येत नाहीत. तिथे मिळालेली ‘निजलेली स्त्री’ ही बोटभर मातीची मूर्ती व्हालेट्टाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, ती चुकवू नका.

गोझो एका दिवसात उरकू नका, किमान एक रात्र राहा. माल्टातल्या चिरकेव्वा धक्क्याहून बोट २५ मिनिटांत गोझोच्या इम्जारला पोचते आणि पैसे फक्त परतताना लागतात. जगांतियाची दगडी मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी आहेत. ज्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत ती समुद्रातली कमान, अझूर विंडो, ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. तिच्या जागी आता फक्त समुद्र आहे.

इम्दिना हे माल्टातलं जुनं तटबंदीचं गाव दुपारी बसेसनी भरतं. संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा गल्ल्यांत आपलेच पाय ऐकू येतात. मार्साश्लोक या कोळ्यांच्या गावचा रविवारचा मासळीबाजारही आता पर्यटकांनी भरलेला असतो, पण लुत्सू होड्यांच्या नाळेवर रंगवलेले दोन डोळे बघायला सकाळी सातला गेलात तर कोळी निवांत भेटतात.

शाकाहारींसाठी: पास्तित्सी ही खुसखुशीत घडीची पेस्ट्री रिकोटा चीज किंवा वाटाण्याची मिळते, एका युरोच्या आत. कट्टर शाकाहारी असाल तर पेस्ट्रीत डुकराची चरबी आहे का ते विचारा. होब्झ बिझ्झेत, म्हणजे टोमॅटो चोळलेला तेल लावलेला पाव, त्यात ट्यूना नको असं स्पष्ट सांगा. बिगिल्ला मात्र आईला घरचीच वाटली: पावट्यासारख्या दाण्यांची लसूण घातलेली चटणी. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं असतं, पिता येतं पण चव मचूळ. इथे एकही नदी नाही.

बाकी किरकोळ. व्हिसा शेंगेनचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि सप्टेंबरसाठी एप्रिल-मेमध्येच वेळ घ्या. विम्याची रक्कम किमान ३०,००० युरो. ब्रिटिशांमुळे गाड्या डाव्या बाजूने आणि सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, अडॅप्टर न्या. बस गच्च भरली तर थांबत नाही. आम्ही एकदा इम्दिनाहून परतताना दोन बस डोळ्यांसमोरून गेल्या आणि तिसरीची वाट पाहत आई दगडावर बसून राहिली. तेव्हा शेवटच्या वेळेची बस पकडायचा बेत करू नका.

नऊ तारखेला सकाळी सातला खिडकी उघडली, तर पुरुषमंडळी शिड्या लावून लाल पडदे उतरवत होती, खाली बायका घडी घालत होत्या. फेरीवाल्याने उरलेला उब्बायत, म्हणजे बदामाचा चिक्कीसारखा नूगा, कमी भावात दिला. आईने दोन पुड्या पर्समध्ये ठेवल्या आणि विमानतळाची बस गाठण्यासाठी आम्ही पायऱ्या उतरायला लागलो.