थांबण्याचे दिवस : इमारत दुरुस्तीच्या व्यवसायातील आमची वाटचाल

दादरमधील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील छोट्या गाळ्यात 2004 साली आम्ही काम सुरू केले, तेव्हा गच्चीची गळती थांबवणे आणि पडलेले प्लास्टर पुन्हा करणे एवढेच आमचे क्षेत्र होते. पुढच्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्यानंतरच्या हंगामात सोसायट्यांकडून इतकी बोलावणी आली की, हळूहळू खांब-तुळयांची दुरुस्ती, बाहेरचे संपूर्ण प्लास्टर, गच्चीचा कोबा (पाणी अडवणारा जाड थर) आणि रंग अशी सबंध इमारतीची कामे आमच्याकडे येऊ लागली. या सर्व काळात वेळापत्रक दोनच ठिकाणी असे : कार्यालयातील भिंतीवरच्या कालनिर्णयवर आणि माझ्या नोंदवहीत. एका वेळी दोन साइट असेपर्यंत तेवढे पुरले.

2018 साली पाच साइट एकाच वेळी चालू होत्या. त्यांपैकी पूर्व उपनगरातील एका चार मजली इमारतीची गच्ची मेअखेर पूर्ण करण्याचे मी सोसायटीला लेखी कळवले होते. परंतु प्लास्टर खरवडल्यावर तुळयांच्या सळया अपेक्षेपेक्षा जास्त गंजलेल्या निघाल्या, वाढीव कामाला मंजुरी मिळण्यात दिवस गेले, होळीला गावी गेलेले कारागीर उशिरा परतले, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाच्या सरी आल्या तेव्हा जुना कोबा फोडलेला होता व नवा अर्धाच झाला होता. ताडपत्र्या टाकूनही वरच्या मजल्यावरील एका घरात पाणी उतरले. त्या घरातील आजींच्या पलंगाभोवती बादल्या ठेवलेल्या मी पाहिल्या. छताची दुरुस्ती आणि रंग आम्ही स्वखर्चाने करून दिला, पण ती खोली माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेली नाही.

त्या पावसाळ्यात हिशेब सांभाळणारी माझी पत्नी आणि मी त्या साइटची नोंदवही पहिल्या पानापासून वाचून काढली. कारागीर कमी पडले असावेत, असा माझा समज होता. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मे दिवस साइटवर हातोडा पडलाच नव्हता, आणि त्यातले बरेचसे दिवस टाळता येण्यासारखेही नव्हते. प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावेच लागते. कोबा झाल्यावर गच्चीत 48 तास पाणी साठवून खालचे छत तपासल्याशिवाय आम्ही ती ताब्यात देत नाही. नव्या प्लास्टरवर रंग देण्यापूर्वी साधारण 28 दिवस जाऊ द्यावेत, असे रंग कंपन्या सांगतात. हे सर्व आम्हाला ठाऊक होते, पण आमच्या वेळापत्रकात फक्त कामे होती. थांबण्याचे दिवस कोठेच लिहिलेले नव्हते.

दिवाळीनंतर आम्ही कामाच्या नियोजनाचे सॉफ्टवेअर घेतले. पहिले दोन महिने त्यात जुनीच यादी नव्या पडद्यावर भरण्यापलीकडे काही केले नाही, हे नमूद केले पाहिजे. फरक पडला तो एका कामाची दुसऱ्याशी सांधेजोड केल्यावर. पडद्यावर आडव्या पट्ट्यांचा जो तक्ता दिसतो, तो हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो आणि शंभर वर्षांहून जुना आहे. कोणत्या कामांची साखळी संपूर्ण प्रकल्पाची शेवटची तारीख ठरवते, हे शोधण्याची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत 1957 च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठी आणि देखभालीसाठी आकाराला आली. ती आमच्या इमारतीला लावली, तेव्हा ज्या रंगारी टोळीच्या मागे मी रोज फोन करत होतो, तिचा त्या साखळीशी काही संबंध नव्हता. साखळी जात होती ती तुळयांच्या मंजुरीतून आणि गच्चीच्या कोब्यातून.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक वाटते, कारण त्यात आमचे बरेच दिवस चुकले. सॉफ्टवेअर सहसा कामाचे दिवस मोजते आणि रविवार वगळते. प्लास्टर मात्र रविवारीही मुरत असते. त्यामुळे 28 दिवसांची प्रतीक्षा आम्ही साध्या पद्धतीने भरली, तेव्हा पडद्यावर तिचे 32 ते 33 दिवस झाले. मायक्रोसॉफ्टच्या एमएस प्रोजेक्ट या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सलग दिवसांसाठी ‘इलॅप्स्ड डेज’ ही वेगळी सोय आहे. इतर ठिकाणीही तशी सोय आहे का, हे पाहूनच सॉफ्टवेअर निवडावे, असे मी या व्यवसायातील प्रत्येकाला सांगतो. याउलट, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात सोसायट्या ब्रेकर चालवू देत नाहीत आणि दुपारच्या विश्रांतीत तोडफोड बंद असते. ते दिवस आणि ते तास आता तोडफोडीच्या दिनदर्शिकेतून आधीच वजा केलेले असतात.

आमचे मुकादम पूर्वीपासून प्लास्टर झाले की त्या भिंतीवर गेरूने तारीख लिहीत असत. मोबाइलवर रोज माहिती भरण्यास ते सुरुवातीला तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते : दिवसभर परांचीवर चढउतार करणाऱ्याने संध्याकाळी रकाने का भरावेत? आम्ही रकाने काढून टाकले. त्यांनी त्या गेरूच्या तारखेचा फोटो काढून त्या कामाखाली टाकायचा, एवढेच ठरले. कामांची नावेही त्यांच्याच बोलीतली ठेवली : ‘मागची बाजू परांची’, ‘जिन्याचा खांब जॅकेट’, ‘गच्ची पाणी भरणे’. फोटो पडला की पाणी मारण्याचे सात दिवस तेथून मोजले जातात.

सोसायटीचे निर्णयही आम्ही कामे म्हणूनच नोंदवतो. रंगाची छटा ठरवणे, वाढीव कामाला मान्यता, बिलाची तपासणी, या प्रत्येकासमोर तारीख असते आणि जबाबदार व्यक्ती म्हणून सेक्रेटरी किंवा सल्लागार अभियंता यांचे नाव असते. सुरुवातीला एका कमिटीला हे उद्धटपणाचे वाटले. परंतु छटेचा निर्णय दहा दिवस लांबला तर परांची दहा दिवस जास्त उभी राहते आणि तितके दिवस लोकांच्या खिडक्यांवर हिरवी जाळी राहते, हे सभेत पडद्यावर दाखवल्यावर त्याच सभेत छटा ठरली. मूळ वेळापत्रकाची प्रत आम्ही कधीही बदलत नाही. चालू वेळापत्रक तिच्याशेजारी दिसते, त्यामुळे उशीर कोठे झाला यावर वाद होत नाही. आमचा असेल तर तोही तेथेच दिसतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा कोणतेच वेळापत्रक उपयोगाचे नव्हते. कारागीर परतू लागल्यावर मात्र प्रत्येक साइट नेमकी कोठे थांबली आहे, हे विचारत फिरावे लागले नाही.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. आम्ही गच्चीच्या कामांची अखेरची तारीख 15 मे धरतो, आणि त्यापुढील दिवस राखीव ठेवतो. ते कोणालाही आधी वाटून देत नाही. 2025 मध्ये पाऊस 26 मे रोजीच आला. त्या दिवशी आमच्या तीन इमारतींवर परांची उभी होती. तिन्ही गच्च्यांची पाण्याची तपासणी पूर्ण झाली होती. एका इमारतीच्या दक्षिण बाजूचा रंग राहिला होता, त्याची पट्टी त्याच दुपारी ऑक्टोबरमध्ये सरकवली आणि सेक्रेटरींना तसे कळवले.