आधी घड्याळ कोणाचं, मग सूत्र

आपल्या शाळेत भौतिकशास्त्राचं गणित फळ्यावर सुरू व्हायचं तेच ‘दिलेले’, ‘काढायचे’ आणि ‘एकक’ या तीन रकान्यांनी. त्या शिस्तीचं खरं मोल पुढे विशेष सापेक्षता आणि अणुऊर्जेच्या गणितांत कळतं. सूत्र पाठ असूनही मुलं तिथे अडतात, कारण गफलत सूत्राच्या आधीच झालेली असते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आज विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलांसाठी त्या रकान्यांचा हा पुढचा उपयोग.

सापेक्षतेत चौथा रकाना हवा, ‘कोणाचं मोजमाप?’ म्युऑनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड आणि क्षणात नष्ट होणाऱ्या कणाचं गणित घ्या. जमिनीपासून १० किलोमीटर उंचीवर तयार झालेला म्युऑन प्रकाशवेगाच्या ०.९९५ पट वेगाने खाली येतो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. वेग गुणिले आयुष्य केलं की ६५७ मीटर येतात आणि म्युऑन वाटेतच संपतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो जमिनीवर भरपूर सापडतो. इथे २.२ हा आकडा म्युऑनच्या घड्याळातला आहे आणि १० किलोमीटर आपल्या मोजपट्टीतले. दोन घरचे आकडे एका समीकरणात बसवले म्हणून उत्तर फसलं.

काळ किती पट लांबतो आणि अंतर किती पट आखडतं ते सांगणारा गुणक म्हणजे गॅमा, या वेगाला तो १० येतो. आपल्या बाजूने पाहिलं तर प्रवासाला ३३.५ मायक्रोसेकंद लागतात आणि सरासरी आयुष्य लांबून २२ होतं. म्युऑनच्या बाजूने पाहिलं तर वातावरण आकुंचन पावून १ किलोमीटर उरतं, प्रवास ३.३५ मायक्रोसेकंदांचा आणि आयुष्य २.२ च. दोन्हीकडे प्रवासाच्या वेळेचं आयुष्याशी गुणोत्तर १.५२, आणि e चा उणे १.५२ वा घात ०.२२, म्हणजे शंभरातले साधारण २२ म्युऑन पोहोचतात. सापेक्षता वगळली तर कोटीत दोन-तीनच पोहोचले असते. सगळ्यात जास्त गुण जातात ते गॅमा दोनदा लावल्याने, अंतरही आखडलं आणि आयुष्यही लांबवलं की उत्तर ८६ येतं. २.२ ला अर्धायुष्य समजून e ऐवजी दोनाचा घात वापरला तर ३५. चुकीच्या उत्तरावरूनच चूक कुठे झाली ते ओळखता येतं, म्हणून हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. अशा कणाचं वेगामुळे लांबलेलं आयुष्य मोजता आलं तर सापेक्षतेचा तो थेट पडताळा ठरेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहिलं होतं. मुंबईच्या या माणसाचा उल्लेख या गणिताशेजारी व्हायलाच हवा.

गॅमा काढतानाची एक खुबी. वेगाला प्रकाशवेगाने भागून त्याचा वर्ग १ मधून वजा करायचा, उरलेल्याचं वर्गमूळ घेऊन त्याने १ ला भागायचं, हे गॅमाचं सूत्र. वेग ०.९९९९ पट असेल तर त्याचा वर्ग करून तो १ मधून वजा करू नका. लॉग टेबलच्या चार अंकांत वजाबाकीनंतर हाती जवळजवळ काहीच उरत नाही. (१ − ०.९९९९) गुणिले (१ + ०.९९९९) असं मांडा, ०.०००१९९९९ येतं आणि गॅमा ७०.७. वेग फार कमी असेल, उपग्रहासारखा, तर गॅमामधून १ वजा केल्यावर उरणारा भाग वेग-गुणोत्तराच्या वर्गाच्या निम्मा धरावा. साधा कॅल्क्युलेटर तिथे नुसता १ दाखवतो.

गतिज ऊर्जेत जुनं सूत्र कधी सोडायचं, हा प्रश्न नेहमी येतो. कणाची गतिज ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या, म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग याच्या, शेजारी लिहून पाहा. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ०.५११ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एमईव्ही. त्याला १ एमईव्ही गतिज ऊर्जा दिली तर जुन्या सूत्राने वेग प्रकाशाच्या १.९८ पट येतो, हे अशक्य. नव्या सूत्राने गॅमा २.९६ आणि वेग ०.९४ पट.

केंद्रकाच्या गणितांत चौथ्या रकान्याचा प्रश्न बदलतो, वस्तुमान अणूचं की नुसत्या केंद्रकाचं? तक्त्यात अणुवस्तुमान एककात दिलेलं हेलियमचं ४.००२६०३ हे इलेक्ट्रॉनसकट आहे. म्हणून दोन प्रोटॉनऐवजी दोन हायड्रोजन अणू घ्या, प्रत्येकी १.००७८२५. दोन न्यूट्रॉन प्रत्येकी १.००८६६५. वस्तुमानातली तूट ०.०३०३७७, एका एककाची ऊर्जा ९३१.५ एमईव्ही, तिने तूट गुणली की केंद्रक बांधून ठेवणारी बंधन ऊर्जा २८.३ एमईव्ही. हायड्रोजनच्या जागी नुसता प्रोटॉन घेतलात तर दोन इलेक्ट्रॉन हरवतात आणि उत्तर १.०२ ने कमी पडतं. आणि आकडे आधी गोल करू नयेत! दोन दशांश स्थळं ठेवली तर तूट ०.०४ होते आणि उत्तर थेट ३७ वर जातं. पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो तिथे उलटं, अणूंच्या वस्तुमानांतल्या फरकातून दोन इलेक्ट्रॉन वजा करावे लागतात. कार्बन-११ मधून बोरॉन-११ होताना १.९८ नव्हे, ०.९६ एमईव्ही मिळतात.

आता तारापूर. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची वीजक्षमता प्रत्येकी ५४० मेगावॅट. एक भट्टी दिवसभर पूर्ण क्षमतेने चालली तर किती युरेनियम-२३५ लागेल? कार्यक्षमता गणितापुरती ३० टक्के धरू. वीज ही उष्णतेचा भाग असल्याने इथे भागायचं असतं, म्हणजे उष्णता १८०० मेगावॅट. गुणलं तर १६२ येतात, उष्णता विजेपेक्षा कमी, तिथेच थांबावं. दिवसाचे ८६,४०० सेकंद घेतले की ऊर्जा १.५५५ गुणिले १० चा १४ वा घात ज्यूल. एका विखंडनाची, म्हणजे एक केंद्रक फुटण्याची, ऊर्जा २०० एमईव्ही, म्हणजे ३.२ गुणिले १० चा उणे ११ वा घात ज्यूल. भागाकार करून अव्होगाड्रो अंकाने भागलं की सुमारे ८ मोल, म्हणजे १.९ किलो.

पडताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा. तीच ऊर्जा प्रकाशवेगाच्या वर्गाने भागली की १.७३ ग्रॅम येतात, दिवसाकाठी नाहीसं झालेलं वस्तुमान एवढंच. २०० एमईव्ही ही युरेनियम-२३५ च्या स्थिर ऊर्जेच्या ०.०९ टक्के असते आणि १.९ किलोचे ०.०९ टक्के म्हणजे साधारण १.७ ग्रॅम. जुळलं.

या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के. ते सगळं जळत नाही, शिवाय भट्टीत तयार झालेलं प्लुटोनियमही विखंडन पावून ऊर्जा देतं. म्हणून १.९ किलोच्या शेजारी ‘सर्व ऊर्जा युरेनियम-२३५ पासून मिळते असे धरून’ ही अट त्याच ओळीत लिहावी.