आमची वाटचाल: छापण्याआधी शिकवणारा छापखाना

आमचं दुकान सुरू झालं ते लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि हँडबिलांवर. जळगावच्या बळीराम पेठेत पुढे यांचं ऑफसेट मशीन आणि मागच्या खोलीत मी डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानं लावायला. माझ्या कथा दिवाळी अंकांत येत, म्हणून लोक लिहिलेल्या वह्या घेऊन माझ्याकडेच वळायचे. पुढे पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या आणि दुकान या वह्यांनीच तारलं. आता मुख्य धंदा पुस्तकांचा. त्यात मला सगळ्यात जास्त गोडी आहे ती पुस्तक कसं छापलं जातं हे लिहिणाऱ्यांना शिकवण्याची.

यांना आधी ते पटलं नव्हतं. "सगळंच सांगून टाकलंस तर आपल्याकडे कोण येईल?" प्रश्न रास्त होता. तरी वर्ग सुरू झाला, कधी दुकानात, कधी चोपडा किंवा पारोळ्याकडच्या एखाद्या वाचनालयात.

सुरुवात मी कोऱ्या कागदाने करते. तीन घड्या घालायला लावते, मग न फाडता प्रत्येक पानावर पेन्सिलने १ ते १६ आकडे टाकायला सांगते. कागद उलगडला की गोंधळ उडतो: १ च्या शेजारी १६, ८ च्या शेजारी ९, निम्मे आकडे डोक्यावर उभे. हा झाला एक फर्मा. एका निवृत्त गणित शिक्षकांनी कागद हातात धरून सांगितलं, "ताई, अशा जोडीतल्या दोन पानांची बेरीज सगळीकडे १७ येते." इतकी वर्षं फर्मे लावूनही मी कधी बेरीज केली नव्हती! त्या दिवशी वर्ग त्यांनीच घेतला म्हणा ना.

हे एकदा हाताने केलं की पुढचं समजावावं लागत नाही. पुस्तक ९६ पानांचं असेल तर सहा फर्मे. ९८ झालं तर दोन पानांसाठी आणखी अर्धा फर्मा लागतो आणि सहा पानं कोरी जातात. मग लेखक स्वतःहून म्हणतो, "मनोगत जरा कमी करतो." (मनोगतं कमी करायलाच हवीत, हे माझं खासगी मत.)

कागदपत्रांचा भाग रूक्ष, पण पैसे बुडतात ते इथेच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मोजून आलेले लोक आम्हाला नेहमी भेटतात. तो क्रमांक म्हणजे कॉपीराइट नव्हे. कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच असतो, नोंदणी ऐच्छिक. करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने हक्क पाच वर्षांसाठीच दिला असं धरतात, हे ऐकून एक काका तडक उठले आणि घरून जुना करार घेऊन आले. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांत एक प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची असते, हे सांगितल्यावर यावलचे एक शेतकरी खूश झाले: "म्हणजे आमची केळी दिल्लीला आणि पुस्तक कलकत्त्याला!"

आमच्याकडे कुठलंही भाषण बहिणाबाईंशिवाय सुरू होत नाही. तो मोह मी टाळते, पण बायका "मला लिहिता कुठे येतं?" म्हणाल्या की नाव घ्यावंच लागतं. त्या रचत गेल्या, लिहून घेतलं घरच्यांनी, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. आता तर फोनमध्ये रेकॉर्ड करता येतं, नात टाइप करते.

यांच्या प्रश्नाचं म्हणाल तर काही जण शिकून दुसरीकडे छापतात. काही जण हजाराऐवजी दोनशेच प्रती काढतात, आणि तो सल्ला मीच दिलेला असतो. गल्ला तेवढा कमी. पण ७० जीएसएम (म्हणजे कागदाचं वजन),  बाइंडिंग, लॅमिनेशन समजलेला माणूस बिलावर वाद घालत नाही, उधारीही ठेवत नाही. हिशोबाची वही बघून हेही आता गप्प आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून चौकशाही वाढल्या आहेत.

सध्या सगळ्यात मजा येते ती अहिराणी पुस्तकांत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम इथे उपयोगी नाहीत. 'माझं' म्हणायला कुणी 'मन्हं' लिहितं, कुणी 'मनं'. मी एवढंच सांगते, गाव तुमचं, बोली तुमची, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच रूप ठेवा आणि अशा रूपांची यादी करून भिंतीला लावा. शिरपूरकडच्या एका लेखिकेने पहिल्या प्रुफाबरोबर दोन पानांची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "ताई, हाई तुमनाकडे बी लाई द्या." लावली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी जाणार आहे, म्हणून दुसरं प्रूफ त्यानंतर.