आमची वाटचाल : प्लेटा, टेकू आणि कॉन्टॅक्ट एरियाचं भांडण

सेंटरिंगच्या लाईनमध्ये, म्हणजे काँक्रीट भरायला प्लेटांचा साचा आणि त्याखाली टेकू उभे करायच्या कामात, आम्ही २००४ पासून आहोत, कराडजवळ मलकापूरला यार्ड आहे. सुरुवातीला स्वतःचं मटेरियल म्हणजे जुन्या बाजारातनं उचललेल्या तीन बाय दोन फुटी प्लेटा, निलगिरीचे टेकू आणि थोड्या फळ्या, बाकी जॅक (उंची कमीजास्त होणारे लोखंडी टेकू) आणि स्पॅन (प्लेटांखालचे लोखंडी आडवे) भाड्यानं आणायचो. आज एका वेळी तीन स्लॅब स्वतःच्या मटेरियलवर उभे राहतात, ह्याचा अभिमान आहे आणि तो सांगायला मला संकोच वाटत नाही. लोक म्हणतात सेंटरिंगवाल्याचं काय, स्लॅब भरला की संपला. अहो पण बीमची कड सरळ आली, कॉलम ओळंब्यात आला, छज्जा एका दोरीत आला तर ते प्लास्टरवाल्याचं कौतुक नाही, आमचं आहे, आणि तो वाकडा आला तर प्लास्टरचा थर दीड इंच जाऊन मालकाचा खिसा फाटतो.

आमच्यासोबत पहिल्या दिवसापासून एक मिस्त्री होते, सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची, मीही मामाच म्हणतो. कागदावर पार्टनर नव्हते पण नफ्यात वाटा होता. त्यांचा ओळंबा पितळेचा, दोरा मळून काळा झालेला. कॉलम बॉक्सच्या वरच्या कडेला गट्टू (ओळंब्याच्या दोऱ्यातला ठोकळा) टेकवायचे आणि खाली गोळा प्लेटेला लागला न लागला असा राहिला की मगच पाचर ठोकू द्यायचे. वारं असलं तर गोळा पाण्याच्या बादलीत सोडायचे म्हणजे झुलायचा थांबतो, मग दोऱ्यापासून प्लेटेपर्यंत वर आणि खाली टेपनं माप घ्यायचे. लेव्हलची नळी लावायच्या आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतंय का बघायचे, आत बुडबुडा राहिला तर सगळा स्लॅब खोटा. आता आमच्याकडं लेझर आहे, तरी पोरांना आधी नळी आणि ओळंबाच शिकवतो.

आता मूळ गोष्ट. २०११ ला शेजारच्या तालुक्यातल्या एका बिल्डरचं चार मजली काम मिळालं, तोपर्यंतचं आमचं सगळ्यात मोठं. कोटेशन लेटरहेडवर दिलं होतं, रेट कॉन्टॅक्ट एरियावर, म्हणजे काँक्रीट जिथं जिथं फॉर्मवर्कला (आमच्या साच्याला) चिकटतं तेवढं माप. आयएस (भारतीय मानक) १२०० च्या भाग ५ मध्ये हेच आहे, सरकारी कामात असंच मोजतात. त्यांच्या इंजिनिअरनं पहिली दोन आरए बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं दिलेली) ह्याच मापानं तपासून सह्या केल्या. तिसऱ्या स्लॅबच्या वेळी आमच्याच लाईनमधला एक जण (नाव घेत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे) बिल्डरला जाऊन भेटला आणि म्हणाला, हाच रेट मी स्लॅबच्या मापानं, म्हणजे नुसत्या वरनं दिसणाऱ्या क्षेत्रफळावर घेतो.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीम ९ इंच रुंद, एकूण खोली १८ इंच, स्लॅब ५ इंच. बॉटम ९ आणि दोन साइड १३-१३, झाले ३५ इंच, म्हणजे एक फूट लांबीला जवळजवळ ३ चौरस फूट फॉर्मवर्क. स्लॅबच्या मापात तेच पाऊण फूट धरतात. ९ बाय १८ चा कॉलम १० फूट उंच असला तर ४५ चौरस फूट काम आहे आणि स्लॅबच्या मापात ते सव्वा फूटसुद्धा भरत नाही. स्लॅबच्या मापानं कुणी काम घेऊ नये असं मी म्हणत नाही, घ्या, पण मग रेट वेगळा पाहिजे. त्याच आकड्यात कोण घेतो, जो कुठंतरी दुसरीकडं वाचवणार असतो तो.

बिल्डरनं मागची दोन्ही बिलं स्लॅबच्या मापानं परत मोजली आणि म्हणाला तुमच्याकडंच पैसे निघतात. वर आमच्या प्लेटा, जॅक, स्पॅन सगळं तिसऱ्या स्लॅबखाली अडकवून ठेवलं, गेटला कुलूप. ह्याच्यासारखं वाईट आमच्या धंद्यात काही नाही, पैसे अडकले तर उधारीवर ढकलता येतं पण मटेरियल अडकलं की दुसरं काम घेताच येत नाही, आणि घेतलं तर भाड्याच्या प्लेटांचं मीटर रोज चालू. पतसंस्थेचा हप्ता थकला. चार चांगली पोरं त्या आमच्या लाईनमधल्या माणसानं पळवली. मामांनाही जादा पगार सांगितला होता, मामा गेले नाहीत, उलट दुसऱ्याच्या साइटवर रोजंदारी करून घर चालवलं.

तेव्हा विद्यानगरच्या एका शिक्षिका बाईंचं घर जोत्यापर्यंत आलं होतं. त्यांना सगळ्यांनी सांगितलं माणूस बदला. बाई म्हणाल्या, "तुमचं मटेरियल सुटू दे, मी थांबते, तोवर मातीची भरणी आणि पाणी मारून घेते." पावसाळा तोंडावर असताना थांबल्या. पुढं त्यांच्या भावाचं, मग जावयाचं घर आम्हीच केलं.

मटेरियल सुटलं ते एका रिटायर्ड पीडब्ल्यूडी साहेबांनी मध्ये बसून मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची वही) समोर ठेवलं तेव्हा. पैसे मात्र निम्मेच आले, बाकीचे आजतागायत नाहीत. आणि त्या दुसऱ्या सेंटरिंगवाल्यानं चौथा स्लॅब भरून पाचव्या दिवशी टेकू काढले, कारण मटेरियल पुढच्या साइटला न्यायचं होतं. आयएस ४५६ सांगतं की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याच्या वर १४, बीम सहा मीटरपर्यंत १४ आणि त्याच्या वर २१. हॉलचा स्लॅब मधनं खाली बसलाय, तिथं राहणाऱ्यांनी मलाच बोलावून दाखवला. ह्याचा आनंद झाला नाही, राग आला, कारण बदनामी सगळ्याच सेंटरिंगवाल्यांची होते.

पुढची वर्षं काम चालत राहिलं, नोटाबंदीत, लॉकडाऊनमध्ये ओढाताण झाली ती सगळ्यांचीच झाली.

घर बांधणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो, विचारल्या नसल्या तरी. सळईखाली खडीचा तुकडा टाकू देऊ नका, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारे सिमेंटचे ठोकळे) मागा, पैशात फार काही जात नाही पण सळई गंजायची वाचते. मिक्सरवाला माल सरकत नाही म्हणून पाण्याचा पाइप लावायला लागला की तिथंच थांबवा, नीडल व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून दाबून बसवणारं यंत्र) असताना पाणी कशाला पाहिजे. आणि स्लॅबवर वाफे करून निदान आठवडाभर पाणी उभं ठेवा, उन्हाळ्यात किंवा पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १० दिवस.

आमच्या कोटेशनवर आता फुटिंग, कॉलम, बीम, स्लॅब, जिना, छज्जा सगळं वेगळं लिहितो, मापाची पद्धत पहिल्या ओळीत आणि मालकाची सही त्याच्या बरोबर खाली. मटेरियल आमच्या मालकीचं आहे आणि बिलाच्या वादात अडवता येणार नाही हेही त्यात असतं. नवीन पोरांना ह्या लाईनमध्ये यायचं असेल आणि हा नमुना पाहिजे असेल तर यार्डात या, झेरॉक्स देतो, मामा सकाळी नऊपर्यंत तिथंच असतात.